चालू युनिक्स सर्व्हरवर सिस्टिमची फाइल सिस्टिम वाढवताना

‘/व्हार’ ही लॉग, मेल असा सतत वाढणारा डेटा ठेवणारी फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडून ठेवणारी रचना) नव्वद टक्क्यांच्या पुढे भरल्याची सूचना आली की पहिला विचार जागा वाढवण्याचा येतो, आणि बहुतेक वेळा ते काम खरोखरच एका कमांडचे असते. पण ती कमांड देण्याआधी जे वाचायचे असते, त्यातच या कामाचे खरे कौशल्य आहे असे माझे ठाम मत आहे. वाढवलेली फाइल सिस्टिम पुन्हा लहान करणे कुठे अवघड असते, तर कुठे अशक्यच असते. शिवाय इथे प्रश्न एखाद्या ॲप्लिकेशनच्या डेटाचा नसून ज्यावर सर्व्हर उभा राहतो त्या ‘/’ (रूट, म्हणजे सर्वांत वरची), ‘/यूएसआर’ (सिस्टिमच्या प्रोग्रॅमची) आणि ‘/व्हार’ यांचा आहे, त्यामुळे चुकीची किंमत दुपारच्या एखाद्या तक्रारीवर भागत नाही.

पुढील मजकूर मुख्यतः आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्सबद्दल आहे, कारण व्हॉल्यूम मॅनेजर (डिस्कची जागा वाटून देणारा थर) आणि फाइल सिस्टिम यांची सांगड तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. त्यानंतर लिनक्सवर हेच काम कसे वेगळे पडते ते दिले आहे. कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलवर त्या रोमन लिपीत द्यायच्या आहेत. वेगळे सांगितले नसेल तेथे सर्व अक्षरे लहान समजावीत. आकाराच्या आकड्यानंतर येणारे ‘जी’ किंवा ‘एम’ मात्र मोठ्या अक्षरात द्यावे.

जागा नेमकी कुठे गेली

एआयएक्सवर जागेचा हिशेब दाखवणारी ‘डीएफ’ कमांड काहीही न जोडता दिली, तर ती ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये आकडे दाखवते आणि घाईत ते आकडे किलोबाइट समजून वाचले जातात. म्हणून ‘डीएफ -जी’ देण्याची सवय ठेवावी. या कमांडमध्ये जागेचा टक्का आणि आयनोडचा (प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींचा) टक्का असे दोन वेगळे स्तंभ असतात, आणि ते दोन्ही पाहावेत. एआयएक्सच्या जेएफएस२ या फाइल सिस्टिमच्या प्रकारात आयनोड गरजेप्रमाणे तयार होतात. जुन्या जेएफएसमध्ये आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या प्रकारात मात्र त्यांची संख्या फाइल सिस्टिम तयार करतानाच्या प्रमाणानुसार ठरते, त्यामुळे लाखो छोट्या फाइल साचल्या तर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येऊ शकतो.

त्यानंतर ‘डीयू -एक्सएसएम /व्हार/*’ ही कमांड देऊन कोणती डिरेक्टरी फुगली आहे ते पाहावे. यातील ‘एक्स’ महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे मोजणी त्याच फाइल सिस्टिमपुरती मर्यादित राहते आणि खाली माउंट केलेल्या (एखाद्या डिरेक्टरीवर जोडलेल्या) दुसऱ्या फाइल सिस्टिमचा आकडा त्यात मिसळत नाही. ‘/व्हार/एडीएम’मधील लॉगिनची नोंद ठेवणारी ‘डब्ल्यूटीएमपी’ फाइल, ‘/व्हार/स्पूल’मध्ये अडकलेली मेलची रांग आणि क्रॉनचा (ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या सेवेचा) लॉग हे एआयएक्सवरचे नेहमीचे मानकरी. यांपैकी कशाला आवर घालायचा राहून गेला असेल, तर फाइल सिस्टिम दुप्पट केली तरी ती काही दिवसांत पुन्हा भरते. तेव्हा आधी गळती थांबवावी आणि मग टाकी मोठी करावी.

कधी कधी ‘डीएफ’चा आकडा आणि ‘डीयू’ची बेरीज जुळतच नाही. एखाद्या प्रोसेसने उघडून ठेवलेली फाइल कोणीतरी ‘आरएम’ने काढून टाकलेली असते. नाव गेलेले असते, पण प्रोसेस ती फाइल धरून बसलेली असल्यामुळे जागा मोकळी होत नाही. एआयएक्सवर अशा प्रोसेस ‘फ्यूझर -डीव्ही /व्हार’ने सापडतात, त्यात ‘व्ही’ मोठा द्यावा. लिनक्सवर ‘एलएसओएफ +एल१’ वापरावी, त्यात ‘एल’ मोठा. ती सेवा नीट बंद करून पुन्हा सुरू केली की जागा आपोआप परत येते आणि काही वाढवण्याची गरजच उरत नाही. चालू लॉग काढून टाकण्याऐवजी तो रिकामा करावा, असे जे सांगितले जाते त्यामागचे कारण हेच.

‘/’ भरली असेल तर आणखी दोन ठिकाणी पाहावे. पहिले ठिकाण म्हणजे ‘/डेव्ह’. एआयएक्सवर ही डिरेक्टरी रूट फाइल सिस्टिमचाच भाग आहे. टेपचा बॅकअप घेताना डिव्हाइसचे नाव चुकले किंवा ते डिव्हाइस त्या वेळी अस्तित्वात नसले, तर त्याच नावाची एक साधी फाइल तयार होते आणि सगळा बॅकअप तिच्यात ओतला जाऊन ‘/’ काठोकाठ भरते. ‘फाइंड /डेव्ह -टाइप एफ’ने ती लगेच समोर येते. दुसरे ठिकाण म्हणजे माउंट पॉइंटच्या खाली दडलेला डेटा. एखादी फाइल सिस्टिम माउंट होण्याआधीच तिच्या डिरेक्टरीत काही लिहिले गेले, तर तो डेटा रूटमध्ये पडतो आणि नंतर वर माउंट झाल्यामुळे दिसेनासा होतो. लिनक्सवर ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून ‘/एमएनटी’च्या खाली पाहिले की हा दडलेला भाग उघडा पडतो.

हे सर्व पाहूनही वाढ रास्त वाटत असेल, म्हणजे पॅच बसवण्यासाठी ‘/यूएसआर’मध्ये जागा हवी असेल किंवा नियमाप्रमाणे लॉग अधिक दिवस ठेवायचे असतील, तर पुढे जावे.

शिल्लक मोजणे

फाइल सिस्टिम लॉजिकल व्हॉल्यूमवर बसते, लॉजिकल व्हॉल्यूम व्हॉल्यूम ग्रुपमधून जागा घेतो आणि व्हॉल्यूम ग्रुप डिस्कचा बनतो. वाढ नेहमी खालून वर जाते: डिस्कमध्ये जागा, मग ग्रुपमध्ये, मग लॉजिकल व्हॉल्यूममध्ये आणि शेवटी फाइल सिस्टिममध्ये. एआयएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९० पासून, ही रचना तिथे अंगभूत आहे. सिस्टिमच्या ग्रुपचे नाव ‘रूटव्हीजी’ असते आणि त्यातील व्हॉल्यूमची नावे ठरलेली असतात: ‘/’साठी ‘एचडी४’, ‘/यूएसआर’साठी ‘एचडी२’, ‘/व्हार’साठी ‘एचडी९व्हार’ आणि ‘/टीएमपी’साठी ‘एचडी३’. बूटचा ‘एचडी५’ आणि जर्नलचा (फाइल सिस्टिममधील बदलांच्या नोंदीचा) ‘एचडी८’ यांना या कामात हात लावू नये.

‘एलएसव्हीजी रूटव्हीजी’ दिल्यावर येणाऱ्या माहितीतील दोन आकडे कागदावर उतरवून घ्यावेत: एका फिजिकल पार्टिशनचा (ग्रुपमधील डिस्क ज्या समान तुकड्यांत विभागलेली असते त्यांतील एकाचा) आकार आणि मोकळ्या पार्टिशनची संख्या. समजा, आकार १२८ एमबी आहे आणि मोकळे पार्टिशन ३१ आहेत. गुणाकार केला तर ३,९६८ एमबी येतात, म्हणजे जवळजवळ ४ जीबी शिल्लक. ‘/व्हार’ला २ जीबी हवेत, तेव्हा काम सहज होईल असे वाटते. ते होत नाही.

कारण रूटव्हीजी बहुधा दोन डिस्कवर मिरर केलेला, म्हणजे दोन्हींवर एकेक प्रत ठेवलेला, असतो. ‘एलएसव्हीजी -एल रूटव्हीजी’ दिली की प्रत्येक व्हॉल्यूमपुढे लॉजिकल आणि फिजिकल पार्टिशनची संख्या दिसते. ४ जीबीच्या ‘एचडी९व्हार’पुढे ३२ आणि ६४ असे आकडे असतील, तर प्रत्येक लॉजिकल पार्टिशनच्या दोन प्रती आहेत असा त्याचा अर्थ. २ जीबी म्हणजे १६ लॉजिकल, अर्थात ३२ फिजिकल पार्टिशन. शिल्लक ३१. एका पार्टिशनने काम अडते.

यातही एक बारकावा आहे. दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर पडायला हव्यात, म्हणून एकूण शिल्लक पाहून भागत नाही, प्रत्येक डिस्कची शिल्लक वेगळी पाहावी लागते. ‘एलएसव्हीजी -पी रूटव्हीजी’ ती दाखवते. एका डिस्कवर १५ आणि दुसऱ्या डिस्कवर १६ मोकळे असतील, तर जास्तीत जास्त १५ लॉजिकल पार्टिशन, म्हणजे १,९२० एमबी वाढवता येतील. हीच शिल्लक १० आणि २१ अशी विभागलेली असती, तर १,२८० एमबीच मिळाले असते. शिल्लक अशी विषम का पडते, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. सिस्टिम कोसळल्यावर मेमरीची नक्कल साठवणारा डंपचा व्हॉल्यूम सहसा मिरर केलेला नसतो, तो एकाच डिस्कवर असतो; बऱ्याचदा फरक तिथूनच येतो.

अशा स्थितीत मी स्वतः २ जीबीचा हट्ट न धरता १ जीबी वाढवीन. त्याला प्रत्येक डिस्कवर ८ पार्टिशन लागतात आणि थोडी शिल्लक मागे राहते. रूटव्हीजीमध्ये शिल्लक ठेवणे ही चैन नव्हे. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या ‘इन्स्टॉलपी’ला मोठा ‘एक्स’ हा पर्याय दिला असेल, तर पॅच बसवताना तीच गरजेप्रमाणे ‘/यूएसआर’ वाढवते आणि त्या वेळी ग्रुप रिकामा असला तर पॅचचे काम अर्ध्यावर थांबते.

‘एलएसव्हीजी -एल’च्या यादीत प्रत्येक व्हॉल्यूमची स्थितीही लिहिलेली असते. ती ‘ओपन’ आणि ‘सिंक्ड’ हवी. एखाद्यापुढे ‘स्टेल’ दिसले, तर मिररची एक प्रत मागे पडली आहे. अशा वेळी ‘ईआरआरपीटी’ने त्रुटींची नोंद पाहून डिस्क खराब होत आहे का हे आधी तपासावे, डिस्क चांगली असेल तर ‘सिंकव्हीजी -व्ही रूटव्हीजी’ने प्रती जुळवाव्यात, आणि तोपर्यंत आकार वाढवू नये.

बॅकअपबद्दल फार लिहीत नाही, कारण तो घ्यावाच लागतो. ‘एमकेसिसबी -आय’ने रूटव्हीजीची प्रतिमा दुसऱ्या सर्व्हरवर किंवा टेपवर घ्यावी आणि ती पूर्ण झाल्याचा संदेश डोळ्यांनी वाचावा.

अधिक चिन्ह

आता प्रत्यक्ष कमांड. ‘सीएचएफएस -ए साइझ=+१जी /व्हार’.

ही एकच कमांड आधी लॉजिकल व्हॉल्यूम वाढवते, मग जेएफएस२ फाइल सिस्टिम त्या नव्या आकारापर्यंत पसरवते. हे सर्व फाइल सिस्टिम माउंट केलेली असताना आणि तिच्यावर लिहिणे चालू असताना होते. सर्व्हर बंद करावा लागत नाही आणि पुन्हा सुरूही करावा लागत नाही. उत्तरादाखल एक ओळ येते: फाइल सिस्टिमचा आकार बदलून १०४८५७६० झाला. हा आकडा पाहून घाबरू नये, तो ५१२ बाइटच्या ब्लॉकमध्ये असतो. १ जीबीत असे २०,९७,१५२ ब्लॉक बसतात, त्याला ५ने गुणले की नेमका हाच आकडा मिळतो. ४ जीबीचे ५ जीबी झाले.

या कमांडमध्ये सर्वांत मोलाचे अक्षर म्हणजे ‘+’. ते दिले तर ‘इतके वाढव’ असा अर्थ होतो. ते राहून गेले तर ‘इतके कर’ असा अर्थ होतो. जेएफएसच्या जुन्या काळात ही चूक निरुपद्रवी होती, कारण ती फाइल सिस्टिम लहान होतच नसे. एआयएक्स ५.३ पासून जेएफएस२ चालू असतानाच लहानही करता येते, आणि तेव्हापासून ही चूक महागात पडू लागली. माझ्या हातून ती एकदा झालेली आहे. ६ जीबीच्या ‘/व्हार’मधील जुने लॉग आवरल्यावर आत दीड जीबीही डेटा उरला नव्हता. त्यात २ जीबी मिळवायचे होते, मी ‘साइझ=२जी’ असे टाइप केले आणि कमांड मुकाट्याने यशस्वी झाली. डेटा नव्या आकारात मावत होता, त्यामुळे सिस्टिमला तक्रार करण्याचे काही कारण नव्हते. उत्तरात आलेला ब्लॉकचा आकडा मी वाचलाच नाही. त्या रात्री लॉग पुन्हा वाढले, २ जीबीची ‘/व्हार’ भरली, क्रॉनची कामे एकामागून एक पडली आणि पहाटे फोन आला. तेव्हापासून आकडा वाचून, भागाकार करून, ‘डीएफ -जी’शी ताडून पाहिल्याशिवाय मी टर्मिनल सोडत नाही.

एककाचा घोळही असाच होतो. आकड्यानंतर ‘एम’ किंवा ‘जी’ लावले नाही, तर तो ५१२ बाइटच्या ब्लॉकचा आकडा समजला जातो. ‘साइझ=+१’ दिले तरी कमांड चालते, फक्त वाढ एका पार्टिशनपुरती, म्हणजे आपल्या उदाहरणात १२८ एमबीपर्यंत वर नेली जाते.

कमांड अडली तर

सर्वाधिक येणारे दोन नकार आहेत. पहिला सांगतो की मोकळे पार्टिशन पुरेसे नाहीत. त्याचे गणित वर झालेच आहे. दुसरा सांगतो की या लॉजिकल व्हॉल्यूमची कमाल मर्यादा ५१२ आहे. जागा भरपूर असूनही हा दुसरा नकार येतो, कारण प्रत्येक लॉजिकल व्हॉल्यूमवर त्याच्या लॉजिकल पार्टिशनची एक कमाल संख्या नोंदलेली असते आणि ती मुळात ५१२ ठेवलेली असते. पार्टिशन १२८ एमबीचे असेल तर ही मर्यादा ६४ जीबीला लागते, ३२ एमबीचे असेल तर १६ जीबीलाच. ‘एलएसएलव्ही एचडी९व्हार’मध्ये ही संख्या पाहून ‘सीएचएलव्ही -एक्स १०२४ एचडी९व्हार’ दिली की मर्यादा वाढते. ही निव्वळ नोंद आहे, यात एक पार्टिशनही हलत नाही. म्हणून ही कमांड देताना संकोच नको.

ग्रुपच संपला असेल तर नवी डिस्क जोडावी लागते. ‘सीएफजीएमजीआर’ने डिस्क ओळखवून घ्यावी, ‘एलएसपीव्ही’मध्ये तिच्यापुढे ग्रुपचे नाव नाही याची खात्री करावी आणि मग ‘एक्सटेंडव्हीजी रूटव्हीजी एचडिस्क२’ द्यावी. इथे माझी कळकळीची विनंती आहे. ही डिस्क दुसऱ्या व्हॉल्यूम ग्रुपची दिसते, जबरदस्तीचा पर्याय वापरा, असा संदेश आला तर हात थांबवावा. सामायिक स्टोरेजवर ‘एलएसपीव्ही’ला ‘नन’ दिसणारी डिस्क शेजारच्या सर्व्हरची चालू डिस्क असू शकते, कारण हा सर्व्हर फक्त स्वतःच्या नोंदी पाहून उत्तर देतो. स्टोरेज सांभाळणाऱ्यांकडून डिस्कचा क्रमांक ताडून घेतल्याशिवाय ‘-एफ’ देऊ नये. तो संदेश म्हणजे सिस्टिमने दिलेली शेवटची संधी असते.

जुन्या, मूळ प्रकारच्या व्हॉल्यूम ग्रुपमध्ये एका डिस्कवर १,०१६ पार्टिशनच मावतात. १२८ एमबीच्या हिशेबाने १२७ जीबी. याहून मोठी डिस्क जोडताना हा आकडा आडवा येतो. ‘सीएचव्हीजी -टी २ रूटव्हीजी’ने तो दुप्पट होतो, पण त्या बदल्यात ग्रुपमध्ये बसणाऱ्या डिस्कची कमाल संख्या ३२ वरून १६ होते. रूटव्हीजीत सहसा दोन-तीनच डिस्क असतात, त्यामुळे हा सौदा चालण्यासारखा आहे.

मिरर असलेल्या ग्रुपला एकच डिस्क जोडून उपयोग नाही, कारण दुसरी प्रत कुठे पडायची हा प्रश्न तसाच राहतो. दोन जोडाव्यात. आणि ॲप्लिकेशनचा डेटा ‘/व्हार’मध्ये येऊन बसला असेल, तर रूटव्हीजी फुगवण्यापेक्षा तो डेटा वेगळ्या ग्रुपमधील स्वतःच्या फाइल सिस्टिमवर हलवणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते. रूटव्हीजी जितका आटोपशीर, तितकी संकटकाळी सिस्टिम लवकर उभी राहते.

लिनक्सवर तेच काम

लिनक्सची एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) रचना १९९८ मध्ये आली आणि तिच्यासमोर एचपी-यूएक्स या एचपीच्या युनिक्सचा आदर्श होता, त्यामुळे तीन थर तेच आहेत. फिजिकल पार्टिशनला इथे एक्सटेंट म्हणतात आणि तो सहसा ४ एमबीचा असतो. मोठा फरक असा की लॉजिकल व्हॉल्यूम आणि फाइल सिस्टिम यांना वाढवणाऱ्या कमांड वेगळ्या आहेत. नवखे लोक पहिली कमांड देतात, यश मिळाल्याचा संदेश वाचतात, ‘डीएफ’मध्ये मात्र जुनाच आकार दिसतो आणि ते गोंधळतात.

आधी ‘डीएफ -एचटी’ने फाइल सिस्टिमचा प्रकार पाहावा, यात ‘टी’ मोठा. ‘एलएसबीएलके’ने ती कोणत्या व्हॉल्यूमवर आणि तो व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवर आहे हे एका नजरेत दिसते. ‘व्हीजीएस’च्या शेवटच्या स्तंभात ग्रुपची शिल्लक असते. शिल्लक असेल तर ‘एलव्हीएक्सटेंड -आर -एल +५जी’ आणि त्यापुढे व्हॉल्यूमचा पूर्ण मार्ग द्यावा. ‘आर’ लहान, ‘एल’ मोठा. हा ‘आर’च दोन्ही थर एकामागून एक वाढवतो, म्हणून तो विसरू नये. विसरला गेलाच तर नुकसान काही नाही: फाइल सिस्टिम एक्सएफएस प्रकारची असेल तर ‘एक्सएफएस_ग्रोएफएस /व्हार’ द्यावी, ईएक्सटी४ असेल तर ‘रीसाइझ२एफएस’ला व्हॉल्यूमचा मार्ग द्यावा. पहिलीला माउंट पॉइंट द्यायचा आणि दुसरीला डिव्हाइस, ही अदलाबदल फार होते. दोन्ही प्रकार माउंट असतानाच वाढतात.

शिल्लक कमी असेल तर नकारही नेमका येतो: १,२८० एक्सटेंट हवेत, १,०२४ आहेत. ५ जीबीला ४ एमबीने भागले की १,२८० येतात. अशा नकारातले आकडे वाचणाऱ्याला पुढचे पाऊल आपोआप कळते. इथे ‘+४जी’ चालेल. यश मिळाल्यावर एक्सएफएस जो आकडा दाखवते तो साधारणपणे ४ केबीच्या ब्लॉकचा असतो. डेटा ब्लॉक १३१०७२० वरून २६२१४४० झाले, असे दिसले तर ५ जीबीची फाइल सिस्टिम १० जीबीची झाली.

अधिक चिन्हाचा धोका इथेही आहे, फक्त रूप निराळे. ‘एलव्हीएक्सटेंड’ला आधीपेक्षा लहान आकार दिला तर ती नकार देते. ‘एलव्हीरीसाइझ’ मात्र दोन्ही दिशांना जाते, आणि वरच्या फाइल सिस्टिमचा विचार न करता खालचा व्हॉल्यूम कापला गेला तर डेटा गेलाच म्हणायचा. एक्सएफएस लहान करण्याची वाट व्यवहारात नाहीच. ईएक्सटी४ लहान करता येते, पण अनमाउंट करूनच, आणि ‘/’ चालू सिस्टिमवर अनमाउंट होत नाही. म्हणून वाढवण्याच्या कामात ‘एलव्हीएक्सटेंड’शिवाय दुसरी कमांड हातात घेऊ नये.

व्हर्च्युअल सर्व्हरवर नवी डिस्क जोडण्याऐवजी आहे तीच डिस्क मोठी करून मिळते. तेव्हा साखळी एका कडीने लांबते. ‘/सिस’खालील त्या डिस्कच्या ‘रीस्कॅन’ फाइलमध्ये १ लिहून कर्नलला (सिस्टिमच्या गाभ्याला) नवा आकार कळवावा. मग ‘ग्रोपार्ट’ने डिस्कवरचे पार्टिशन (डिस्कचा विभाग; एआयएक्सचे फिजिकल पार्टिशन नव्हे) वाढवावे, यात डिस्कचे नाव आणि पार्टिशनचा क्रमांक यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी लागते. त्यानंतर ‘पीव्हीरीसाइझ’ आणि मग वरचीच ‘एलव्हीएक्सटेंड’. पार्टिशन डिस्कवर शेवटचे असेल तरच ते वाढते. पुढे स्वॅपचे (मेमरी कमी पडल्यास वापरायचे) पार्टिशन असेल तर वाट अडते. पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर ५१२ बाइटच्या सेक्टरमुळे २ टीबीच्या पुढे पार्टिशन जात नाही, हेही आधी पाहून ठेवावे.

एक अडचण नेमकी वाईट वेळी समोर येते. ‘/’ शंभर टक्के भरलेली असेल तर वाढवण्याची कमांडच चालत नाही, कारण ‘ग्रोपार्ट’ला ‘/टीएमपी’त तात्पुरती डिरेक्टरी करायची असते आणि एलव्हीएमला प्रत्येक बदलाआधी ‘/ईटीसी/एलव्हीएम’मध्ये जुन्या रचनेची नोंद ठेवायची असते. दोघांनाही काही केबी जागा हवी असते आणि तीही नसते. अशा वेळी पॅकेजचा कॅशे किंवा सिस्टिमचे जुने लॉग आवरून आधी थोडी जागा मोकळी करावी. एलव्हीएमची ती नोंद बंद करण्याचा पर्याय उपलब्ध आहे, पण चूक सुधारण्याचे तेच एक साधन असते, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नये.

ईएक्सटी४ बाबत आणखी एक. तिच्यात ५ टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखलेली असते. ५० जीबीमध्ये ती अडीच जीबी होते, आणि ‘ट्यून२एफएस’ने ती कमी करून वेळ मारून नेण्याचा मोह होतो. डेटाच्या फाइल सिस्टिमवर ते खुशाल करावे. ‘/’वर करू नये, सगळे भरलेले असतानाही रूटला लॉगिन करून दुरुस्ती करता येते ती याच राखीव जागेच्या जोरावर.

कर्नल ठेवणारी ‘/बूट’ बहुधा एलव्हीएमच्या बाहेर असते आणि वरीलपैकी काहीच तिला लागू पडत नाही. ती भरली तर जुने कर्नल पॅकेज मॅनेजरमधून काढावेत, ‘आरएम’ने नव्हे.

फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या सिस्टिमवर यूएफएस ही फाइल सिस्टिम असेल तर ‘जीपार्ट रिकव्हर’, ‘जीपार्ट रीसाइझ’ आणि ‘ग्रोएफएस’ असा क्रम आहे. झेडएफएस असेल तर वेगवेगळ्या फाइल सिस्टिमना वेगळा आकारच नसतो, त्या सगळ्या एका पूलमधून जागा घेतात. तिथे आधी कोणी कोटा लावला आहे का ते पाहावे, आणि पूलच लहान पडत असेल तर डिस्क मोठी करून ‘झेडपूल ऑनलाइन -ई’ द्यावी.

काम झाल्यावर

‘डीएफ’ पुन्हा पाहावी. ‘ईआरआरपीटी’ किंवा, लिनक्सवर, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या ‘डीएमईएसजी’मध्ये डिस्कची काही तक्रार आली नाही ना, याची खात्री करावी. एआयएक्सवर ‘एलएसव्हीजी -एल’मध्ये फिजिकल पार्टिशन लॉजिकलच्या बरोबर दुप्पट आहेत आणि स्थिती ‘सिंक्ड’ आहे हे तपासावे. सर्व्हरला क्लस्टरमधील जोडीदार असेल तर त्याच्यावरही हीच वाढ त्याच दिवशी करावी, नाहीतर सेवा तिकडे गेल्यावर तिकडची ‘/व्हार’ भरेल. सूचना देणाऱ्या यंत्रणेतील मर्यादा टक्क्यांत असेल तर तीही पाहावी. २० जीबीचे ९० टक्के म्हणजे २ जीबी शिल्लक, पण २०० जीबीचे ९० टक्के म्हणजे २० जीबी शिल्लक, आणि या दोन्हींसाठी एकाच टप्प्यावर झोपमोड करण्यात अर्थ नाही.

आणि एमकेसिसबी पुन्हा घ्यावी. कामाआधी घेतलेल्या प्रतिमेत प्रत्येक फाइल सिस्टिमचा जुना आकार नोंदलेला असतो. तिच्यावरून सर्व्हर परत उभा केला तर ‘/व्हार’ ५ जीबीची नव्हे, ४ जीबीचीच तयार होते. ‘-आय’ देऊन घेतलेली नवी प्रतिमा ही आकारांची नोंद ताजी करते. ती नीट तयार झाल्याचे पाहावे, मगच जुनी प्रतिमा काढावी आणि कामाची नोंद बंद करावी.